२७ जूनच्या निकालात जन्मसिद्ध नागरिकत्व रद्द झालेलं नाही, कृपया आधी निकाल समजून घ्या

देवगडकर_एनजे | २८ जून २०२५

काल सकाळी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल आला आणि तासाभरात सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरायला लागला, "अमेरिकेत जन्मलेल्या मुलांचं नागरिकत्व संपलं, सुप्रीम कोर्टाचं शिक्कामोर्तब". संध्याकाळपर्यंत त्यावर दोन तट पडले होते, एकीकडे "बरं झालं, अति लाड चालले होते" आणि दुसरीकडे "कोर्ट ट्रंपच्या खिशात आहे". आणि यातल्या एकानेही निकालात काय लिहिलंय ते वाचलेलं नव्हतं. मला याचा मनापासून राग आलाय, कारण आपल्या ओळखीत कितीतरी घरांत आत्ता बाळ येणार आहे आणि त्या पोरी रात्र रात्र झोपलेल्या नाहीत.

म्हणून सगळं एका जागी लिहितो. २० जानेवारीला, म्हणजे शपथ घेतल्याच दिवशी, ट्रंपने एक एक्झिक्युटिव्ह ऑर्डर काढली. त्यात असं की आई अमेरिकेत बेकायदा असेल, किंवा कायदेशीर असेल पण तात्पुरती असेल (म्हणजे स्टुडंट, वर्क किंवा टुरिस्ट व्हिसावर), आणि वडील सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाले नसतील, तर त्या बाळाला अमेरिकन नागरिक मानायचं नाही. हे ऑर्डरनंतर तीस दिवसांनी जन्मणाऱ्या बाळांना लागू होणार होतं. बातम्यांमध्ये बेकायदा घुसखोर एवढंच येत राहिलं, पण नीट वाचलं तर बाबा एचवनवर (नोकरीचा व्हिसा) आणि आई एचफोरवर (एचवनवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) हे आपलं नेहमीचं जोडपं त्यात सरळ सरळ येतं. दोघंही एचवनवर असले तरी येतं.

ती ऑर्डर एक दिवससुद्धा लागू झाली नाही. २३ जानेवारीला सिअॅटलमध्ये जज कॉफनर यांनी ती थांबवली, आणि चाळीस वर्षांहून जास्त जज असताना इतका स्पष्ट प्रश्न आपल्यासमोर आल्याचं आठवत नाही असं ते भर कोर्टात म्हणाले. फेब्रुवारीत मेरीलँड, न्यू हॅम्पशायर आणि मॅसॅच्युसेट्स इथल्या जजनीही थांबवली.

आता मुख्य मुद्दा. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं तेव्हा "आमची ऑर्डर घटनेला धरून आहे असं ठरवा" असं त्यांनी मागितलंच नाही. त्यांनी एवढंच विचारलं, की एका जिल्ह्याच्या जजला फक्त समोरच्या फिर्यादींपुरती नाही तर अख्ख्या देशासाठी स्थगिती देता येते का. काल ६ विरुद्ध ३ असा निकाल लागला, बहुमताचं निकालपत्र एमी कोनी बॅरेट यांनी लिहिलं, की १७८९ च्या ज्युडिशियरी अॅक्टने कोर्टांना जे अधिकार दिले त्यात अशी देशव्यापी स्थगिती बहुधा बसत नाही, तेव्हा फिर्यादींना पूर्ण दिलासा मिळेल एवढीच स्थगिती ठेवा. बस. नागरिकत्वाच्या प्रश्नावर बहुमताने काहीही ठरवलेलं नाही. आणि ऑर्डर पुढचे तीस दिवस लागू होणार नाही हेही त्यातच लिहिलंय.

कालच्या पत्रकार परिषदेत राष्ट्राध्यक्षांनी मोठा विजय म्हणून सांगितलं, त्यांनी ते सांगणारच. पण आपण तोच मथळा उचलून पुढे का ढकलायचा? गेल्या वर्षी १ जुलैला, २०२० ची निवडणूक उलटवायच्या आरोपावरून ट्रंपवर चाललेल्या खटल्यात, इम्युनिटीचा (राष्ट्राध्यक्षाला खटल्यापासून संरक्षण आहे का याचा) निकाल आला तेव्हाही हेच झालं होतं. "ट्रंप निर्दोष सुटला" असे मेसेज आले. निकाल असा होता की राष्ट्राध्यक्षाच्या मूळ घटनात्मक अधिकारातल्या कृतींसाठी खटलाच चालवता येणार नाही, बाकीच्या अधिकृत कृतींना संरक्षण आहे असं गृहीत धरायचं, आणि खासगी कृतींना काहीही संरक्षण नाही, आता कुठली कृती कशात बसते ते खालच्या कोर्टाने ठरवावं. ते ठरवायच्या आतच निवडणूक झाली, ट्रंप जिंकले आणि सरकारी वकील जॅक स्मिथने नोव्हेंबरमध्ये खटला मागे घेतला. निर्दोष की दोषी हे कुठल्याच कोर्टाने सांगितलं नाही.

कोण जिंकलं ते नंतर बघू, कोर्टाला विचारलं काय होतं ते आधी बघा, एवढीच विनंती आहे.

---

सुलेखा_के | २८ जून २०२५

दादा खूप खूप आभार, कालपासून घरात रडारड चाललीय. आम्ही टेक्सासमध्ये, माझ्या जाऊबाईंची तारीख ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आहे, दीर एचवनवर, त्या एचफोरवर, ग्रीन कार्डच्या रांगेत आहेत पण प्रायॉरिटी डेट (रांगेतली तारीख) २०१९ ची म्हणजे ते कधी होणार देवालाच माहीत. कुणीतरी सांगितलं की न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात स्थगिती चालू राहणार पण टेक्सासमध्ये नाही, हे खरं आहे का? सासूबाई म्हणतात तुमच्याकडच्या राज्यात येऊन राहावं दोन महिने. डॉक्टर इथली, इन्शुरन्स इथला, काय करावं सुचत नाहीये.

---

अण्णा_नाशिक | २८ जून २०२५

देवगडकर, तुमचा तांत्रिक मुद्दा मान्य. पण तुम्ही कोर्टाला फारच सांभाळून घेताय. नऊपैकी सहा जज रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलेले, त्यातले तीन (गोरसच, कॅव्हनॉ, बॅरेट) एकट्या ट्रंपने. आणि निकाल बरोबर ६-३. इम्युनिटीचाही ६-३. याला योगायोग म्हणायचं का?

बॅरेटबाईंची नेमणूक कशी झाली तेही आठवा. फेब्रुवारी २०१६ मध्ये स्कालिया वारले तेव्हा ओबामाने मेरिक गार्लंडचं नाव पाठवलं, निवडणुकीचं वर्ष आहे म्हणून सिनेटने त्याची सुनावणीसुद्धा घेतली नाही. आणि सप्टेंबर २०२० मध्ये रूथ गिन्सबर्ग गेल्या, मतदान तोंडावर आलेलं, तरी २६ ऑक्टोबरला बॅरेट यांची नेमणूक मंजूर. आठवडाभराने मतदान. असं भरलेलं कोर्ट काय निकाल देणार हे सांगायला निकालपत्र वाचावं लागत नाही.

---

रावेतचा_पाटील | २९ जून २०२५

मी ट्रंपचा भक्त नाही, पण या निकालाचं मनापासून स्वागत करतो, आणि का ते सांगतो. अमेरिकेत सहाशेहून जास्त डिस्ट्रिक्ट जज आहेत. त्यातल्या कुणा एकाने लोकांनी निवडून दिलेल्या राष्ट्राध्यक्षाचं धोरण अख्ख्या देशात थांबवायचं, हे लोकशाहीला धरून आहे का? सरकारला शंभर ठिकाणी जिंकावं लागतं आणि विरोधकाला एकाच ठिकाणी जिंकलं की झालं.

आणि हे डेमोक्रॅटांनाही नको होतं. २०१५ मध्ये टेक्सासच्या ब्राउन्सव्हिलमधल्या जज हेनन यांनी ओबामाची डापा योजना (बेकायदा राहणाऱ्या काही पालकांसाठीची) देशभर थांबवली, सव्वीस राज्यांनी दावा केला होता, आणि पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टात ४-४ झाल्यामुळे ती कायमचीच गेली. लाखो लोकांना त्यातून तात्पुरतं संरक्षण मिळणार होतं. २०२३ मध्ये गर्भपाताच्या गोळीची मंजुरी अमरिलोतल्या एका जजने देशभरासाठी रोखायचा प्रयत्न केला. तेव्हा आज रडणारेच "एका जजची मनमानी" म्हणत होते. जस्टिस एलिना केगन, ओबामाने नेमलेल्या, त्याही २०२२ मध्ये जाहीर कार्यक्रमात बोलल्या होत्या की एका जिल्ह्याच्या जजने देशाचं धोरण वर्षानुवर्षं अडवून ठेवणं बरोबर असू शकत नाही.

शिवाय आपल्याकडे तरी जन्माने नागरिकत्व कुठे आहे? १ जुलै १९८७ पासून आई किंवा वडील भारतीय असायला लागतात आणि ३ डिसेंबर २००४ पासून दुसरा पालक बेकायदा आलेला असून चालत नाही. आपण केलं ते चालतं आणि त्यांनी केलं की अन्याय, हे मला पटत नाही.

---

देवगडकर_एनजे | २९ जून २०२५

@सुलेखा_के ताई, आधी तुमचं. ज्या बावीस राज्यांनी दावे केलेत त्यात न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, इलिनॉय, मिशिगन, नॉर्थ कॅरोलायना वगैरे आहेत. टेक्सास, जॉर्जिया, फ्लोरिडा, व्हर्जिनिया, ओहायो नाहीत. पेनसिल्व्हेनियासुद्धा नाही. त्या राज्यांना किती दिलासा द्यायचा हे आता खालची कोर्टं ठरवणार आहेत. पण २७ जुलैपर्यंत कुठेच काही बदलणार नाही, आणि निकाल आला त्याच दिवशी एसीएलयूने (नागरी हक्कांसाठी लढणारी संस्था) न्यू हॅम्पशायरमध्ये सगळ्या बाळांच्या वतीने एकत्रित दावा, म्हणजे क्लास अॅक्शन दाखल केलीय. बॅरेट यांच्या निकालपत्राने तो रस्ता बंद केलेला नाही. त्यामुळे आठव्या महिन्यात विमानाने निघण्याचा निर्णय व्हॉट्सॲप वाचून अजिबात घेऊ नका. डॉक्टर बदलणं, इन्शुरन्सच्या नेटवर्कबाहेर जाणं, यात आईला आणि बाळाला खरा धोका आहे. इमिग्रेशनच्या वकिलाशी एकदा बोलून घ्या, महिनाभर बातम्यांवर नजर ठेवा.

@पाटील, तुमचा पहिला मुद्दा वजनदार आहे आणि तो मी नाकारत नाही. हेनन यांचं उदाहरण चोख आहे. दोन्ही पक्षांनी आपल्याला हवा तो जज गाठून दावे टाकायचा धंदा केलाय. पण भारताशी तुलना इथे लागत नाही. आपल्याकडे नागरिकत्व कायद्यात बदल संसदेने केला, विधेयक आलं, चर्चा झाली, मतदान झालं. अमेरिकेत हा हक्क १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीत लिहिलाय. तो बदलायचा तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि वर पन्नासपैकी अडतीस राज्यं लागतात. ते न करता एका माणसाने पहिल्याच दिवशी सही करून बदलायचं म्हटलं, आक्षेप त्याला आहे. उद्या दुसऱ्या पक्षाचा अध्यक्ष येऊन बंदुकीचा हक्क सहीने काढतो म्हणाला तर तुम्ही काय म्हणाल?

@अण्णा, ६-३ दिसतं, नाकारत नाही. पण जज कॉफनर रेगनने नेमलेले आहेत. न्यू हॅम्पशायरचे लाप्लांट धाकट्या बुशने. आणि हेच सुप्रीम कोर्ट १९ एप्रिलच्या मध्यरात्री उठून बसलं होतं, टेक्सासमध्ये डांबलेल्या व्हेनेझुएलाच्या लोकांना १७९८ चा परकी शत्रूंबद्दलचा कायदा लावून देशाबाहेर काढायचं चाललं होतं ते थांबवायला. त्यात फक्त जस्टिस थॉमस आणि अलिटो विरोधात होते. ट्रंपने नेमलेले तिघंही त्या रात्री ट्रंपच्या विरुद्ध बाजूला होते. २०२० ची निवडणूक उलटवायचे दावे तर ट्रंपनेच नेमलेल्या जजनी फेटाळलेत, पेनसिल्व्हेनियाच्या अपिलात स्टेफानोस बिबास यांनी लिहिलेला निकाल बघा.

---

मुद्देसूद | ३० जून २०२५

चर्चा चांगली चाललीय म्हणून थोडा इतिहास, कारण "चौदावी दुरुस्ती फक्त गुलामांच्या मुलांसाठी होती, आपल्यासाठी नव्हती" असं वाक्य मी गेल्या काही महिन्यांत फार ऐकतोय.

१८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की काळा माणूस, मुक्त असला तरी, अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही. यादवी युद्ध झालं आणि १८६८ मध्ये ते पुसायला ही दुरुस्ती आली, की इथे जन्मलेले आणि इथल्या अधिकारक्षेत्राखाली असलेले सगळे लोक नागरिक. अधिकारक्षेत्राखाली नसलेले म्हणजे परदेशी वकिलातीतल्या अधिकाऱ्यांची मुलं, चाल करून आलेल्या शत्रूची मुलं, आणि त्या काळी मूळ जमातींची मुलं (त्यांना १९२४ मध्ये वेगळ्या कायद्याने नागरिकत्व मिळालं).

मग वाँग किम आर्क. सॅन फ्रान्सिस्कोत १८७३ मध्ये जन्म, आईवडील चिनी, त्या काळच्या कायद्याने त्यांना कधीच नागरिक होता येणार नव्हतं. हा चीनला जाऊन १८९५ मध्ये परत आला तर बंदरावरच अडवला, तू नागरिक नाहीस म्हणून. काही महिने त्याला किनाऱ्याजवळच्या बोटींवर ठेवलं होतं. तो धंद्याने स्वैपाकी होता. तो लढला, आणि १८९८ मध्ये ६ विरुद्ध २ असा निकाल त्याच्या बाजूने लागला. जस्टिस ग्रे यांनी लिहिलं की जन्मभूमीवरून नागरिकत्व हा जुना नियमच घटनेत आलेला आहे. चिन्यांना देशात येऊ न देण्याचा कायदा तेव्हा जोरात होता, वर्तमानपत्रं आणि पुढारी सगळे त्यांच्या विरुद्ध, आणि त्या वातावरणात हा निकाल आला.

सरकारी बाजूचा आजचा युक्तिवाद मुख्यतः एवढाच, की वाँगचे आईवडील इथे कायमचे राहायला आलेले होते, तात्पुरते नव्हते. म्हणजे उद्या वाद होणार तो इथेच. आता सांगा, पंधरा वर्षं इथे टॅक्स भरणारा, घर घेतलेला, मुलं शाळेत घातलेला एचवनवाला तात्पुरता कसा? तो तात्पुरता आहे कारण त्याला ग्रीन कार्ड मिळत नाहीये, आणि ते मिळत नाही कारण ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा आहे. भारतीयांच्या ईबी-२ च्या (नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डचा एक प्रकार) रांगेत आत्ता २०१३ च्या आसपासचे लोक पुढे सरकतायत.

आपल्या लोकांचा या कोर्टाशी जुना हिशोब आहे हेही नव्या पिढीला माहीत असावं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांना, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात भरती झालेला माणूस, एकमताने सांगितलं की तुम्ही गोरे नाही म्हणून नागरिक होऊ शकत नाही. त्यानंतर ज्या भारतीयांना आधीच नागरिकत्व मिळालं होतं त्यांचंही काढून घ्यायला सरकार निघालं. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित, त्यांच्यावरही पाळी आली. ते स्वतःची केस लढले आणि १९२६ मध्ये अपिलात जिंकले, म्हणून बाकीच्या बऱ्याच लोकांवरची कारवाई थंडावली. भारतीयांना नागरिकत्वाचं दार कायद्याने उघडलं ते १९४६ मध्ये. दिलेलं नागरिकत्व परत घेणं म्हणजे काय हे आपल्या लोकांनी भोगलंय. त्यामुळे "आपल्याला काय त्याचं" म्हणणाऱ्यांनी निदान पंडितांचं नाव तरी लक्षात ठेवावं.

---

मेधा_कॅरी | १ जुलै २०२५

मुद्देसूद, ही पोस्ट जपून ठेवणार आहे. पंडितांबद्दल काहीच माहीत नव्हतं.

मला व्यवहाराचा मुद्दा मांडायचाय, जो टीव्हीवर कुणी बोलत नाही. माझ्या मुलीच्या वेळी बघितलंय ना सगळं. हॉस्पिटलात बाळ झाल्यावर दुसऱ्या दिवशी एक बाई फॉर्म घेऊन येते. बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, त्यांचं जन्मगाव, शिक्षण, आणि एक चौकोन, सोशल सिक्युरिटी नंबर हवाय का. त्यावर खूण केली की काही आठवड्यांनी कार्ड पोस्टाने घरी. पुढे काउंटीतून बर्थ सर्टिफिकेट आणायचं, पांढऱ्या चादरीवर बाळाला उताणं झोपवून फोटो काढायचा, दोघांनी बाळाला घेऊन पोस्ट ऑफिसात जायचं, झाला पासपोर्ट. या सगळ्यात आईवडिलांचा व्हिसा कुठला हे कुठल्याच कागदावर नाही! बर्थ सर्टिफिकेट हाच नागरिकत्वाचा पुरावा. सिटिझनचं बाळ आणि एचफोरवालीचं बाळ, कागद अगदी सारखा.

मग ऑर्डर लागू झाली तर कोण तपासणार? हॉस्पिटलातली ती बाई? काउंटीचा क्लार्क? आणि मग फक्त आपले कागद तपासून भागणार नाही, सगळ्यांचेच तपासावे लागणार, कारण तपासल्याशिवाय कळणार कसं कोण कुठलं. म्हणजे चार पिढ्या इथे राहिलेल्या माणसालाही बाळंतपणाच्या खोलीत स्वतःचं नागरिकत्व सिद्ध करावं लागणार.

आणि ज्या बाळाला नाही म्हणतील त्याचं पुढे काय? भारतीय आईवडिलांचं म्हणून ते भारतीय होईल, त्यासाठी वर्षाच्या आत कॉन्सुलेटमध्ये जन्माची नोंद करायची, मग भारतीय पासपोर्ट. पण ते अमेरिकेत कुठल्या व्हिसावर राहणार? ते कुठून आलेलंच नाही, इथेच जन्मलंय, त्याने सीमा ओलांडलेली नाही की विमानतळावर शिक्का घेतलेला नाही. त्याला आपोआप काही स्टेटस मिळेल असा नियम मला तरी कुठे सापडत नाही. पहिल्या श्वासापासून बेकायदा.

राज्याराज्यांत वेगळा नियम झाला तर आणखी गंमतच नाही, गोंधळ. पेनसिल्व्हेनियातलं फिलाडेल्फिया आणि न्यू जर्सीतलं कॅमडेन यांच्यामध्ये फक्त डेलावेअर नदी आहे. पुलाच्या या बाजूला जन्मलं तर नागरिक आणि त्या बाजूला नाही, हे एका देशात कसं चालेल?

---

रावेतचा_पाटील | २ जुलै २०२५

मेधाताई, कागदांचा मुद्दा बिनतोड आहे. राज्यानुसार नागरिकत्व बदलणं हे मलाही चालणार नाही, नागरिकत्व ही एकच गोष्ट अख्ख्या देशात एकसारखी हवी. पण म्हणून प्रत्येक विषयात एका जजला देशव्यापी अधिकार देणं हा उपाय नाही असं माझं मत कायम आहे. सुप्रीम कोर्टाने मूळ प्रश्न घ्यावा आणि एकदाचा निकाली काढावा.

---

अण्णा_नाशिक | २ जुलै २०२५

पाटील, नेमकं तेच सरकारला नकोय! १५ मेच्या सुनावणीत जस्टिस केगन यांनी सरकारी वकिलाला हेच विचारलं. तुम्ही खालच्या प्रत्येक कोर्टात हरताय, हरलेला माणूस अपील करतो, तुम्ही मूळ प्रश्नावर अपीलच नाही केलंत तर तो इथे येणार कसा? ज्यांनी दावा केला त्यांची बाळं वाचतील आणि ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्यावर ऑर्डर लागू राहील, सरकार निवांत. जस्टिस सोटोमायोर यांनी विरोधी मत भर कोर्टात वाचून दाखवलं ते याच कारणाने. त्या म्हणतात की या नव्या व्यवस्थेत कुठलाच हक्क सुरक्षित नाही, आज हा तर उद्या दुसरा.

देवगडकर, तुमची १९ एप्रिलची रात्र मान्य, बिबासही मान्य. पण कोर्टाने कुठला प्रश्न ठरवला हे जसं बघायचं तसं कुठला प्रश्न घ्यायचा टाळला हेही बघायचं की नाही? वेळ काढणं हाही निकालच असतो. इम्युनिटीचा खटला त्या वेळकाढूपणातच मेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये केस घेतली, एप्रिलच्या शेवटी सुनावणी, १ जुलैला निकाल, नोव्हेंबरला मतदान. तुम्हीच वर लिहिलंय, दोषी की निर्दोष कुणीच सांगितलं नाही. माझ्या मते सगळ्यात मोठा अन्याय तोच, मतदाराला मत द्यायच्या आधी ते कळायला हवं होतं.

---

देवगडकर_एनजे | ३ जुलै २०२५

अण्णा, वेळेचा मुद्दा पूर्ण मान्य. निकालपत्राइतकंच त्याची तारीखही वाचायला हवी. कोलोरॅडोची केस आठवा, तिथे तारीख पाळली होती. बंडात भाग घेतला म्हणून ट्रंपचं नाव मतपत्रिकेवरून काढायचा तिथल्या राज्याच्या कोर्टाचा निकाल सुप्रीम कोर्टाने ४ मार्च २०२४ ला रद्द केला, कोलोरॅडोच्या प्रायमरीच्या आदल्या दिवशी, आणि त्यावर नऊच्या नऊ एकमताने. म्हणजे मनात आणलं तर वेळेत होतं.

(तेव्हाही "कोर्टाने सांगितलं बंड झालंच नाही" असे मेसेज आले होते. कोर्टाने एवढंच सांगितलं की केंद्रीय पदाच्या उमेदवाराला घटनेतल्या बंडाच्या कलमाखाली अपात्र ठरवायचा अधिकार एकेका राज्याला नाही.)

पण मी एका गोष्टीवर ठाम आहे. "सगळं ठरलेलंच आहे, वाचून काय उपयोग" हे म्हणणं माणसाला हातपाय गाळायला लावतं. बॅरेट यांच्या निकालपत्रात क्लास अॅक्शनचा रस्ता मोकळा आहे हे ज्यांनी वाचलं ते वकील काही तासांत कोर्टात होते. बाकीचे आपण ग्रुपवर भांडत बसलो.

---

सुलेखा_के | ५ जुलै २०२५

वकिलाशी बोललो. ते म्हणाले प्रवास करू नका, १० जुलैला न्यू हॅम्पशायरला सुनावणी आहे तोवर थांबा. जाऊबाई आता जरा जेवायला लागल्यात. मेधाताईंची पोस्ट दीरांना वाचून दाखवली, सगळे कागद एका फाइलीत लावून ठेवलेत, आयनाइन्टीफोर (अमेरिकेत आल्याची नोंद), लग्नाचा दाखला, आय-१४० ची (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजुरी सगळं.

---

देवगडकर_एनजे | ११ जुलै २०२५

सगळ्यांसाठी अपडेट, आणि कृपया हा मेसेज पुढे पाठवायचा तर पूर्ण पाठवा, तोडून नको.

काल न्यू हॅम्पशायरच्या कॉन्कर्डमध्ये जज लाप्लांट यांनी क्लास अॅक्शन मान्य केली. २० फेब्रुवारी २०२५ रोजी किंवा नंतर जन्मलेली आणि जन्मणारी, ऑर्डरमुळे नागरिकत्व जाईल अशी सगळी बाळं त्या क्लासमध्ये येतात. देशात कुठेही जन्म झाला तरी, म्हणजे टेक्सास, जॉर्जिया, पेनसिल्व्हेनिया सगळं आलं. पालकांनाही क्लासमध्ये घ्या अशी मागणी होती, ती त्यांनी मान्य केली नाही, फक्त मुलं. आणि या क्लाससाठी ऑर्डर लागू करायला मनाई केली. हा निर्णय अजिबात कठीण नव्हता असं ते म्हणाले. लक्षात घ्या, याच जजनी फेब्रुवारीत फक्त फिर्यादी संघटनांच्या सभासदांपुरतीच स्थगिती दिली होती, देशव्यापी द्यायला तेव्हा ते तयार नव्हते. सुप्रीम कोर्टाने जो रस्ता दाखवला त्याच रस्त्याने ते गेले.

सरकारला अपिलासाठी सात दिवस दिलेत, तोवर हुकूम थांबलेला आहे. अपील होईल असं धरूनच चाला. अलिटो यांनी २७ जूनलाच आपल्या वेगळ्या मतात बजावलंय की क्लास अॅक्शनच्या नावाखाली जुनीच देशव्यापी स्थगिती मागच्या दाराने आणू नका, तेव्हा हाही मुद्दा वर जाणार.

---

रावेतचा_पाटील | ११ जुलै २०२५

हे योग्य झालं. क्लास ठरवायला नियम आहेत, त्यांची तपासणी करावी लागते, एका अर्जावर देश थांबवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. आणि बाळांना संरक्षण मिळालं याचा आनंद आहे.

---

सुलेखा_के | ११ जुलै २०२५

दादा एकच शंका, त्या क्लासमध्ये यायला जाऊबाईंना काही नाव नोंदवावं लागतं का? फी वगैरे? फेसबुकवर एक जण दोनशे डॉलर घेऊन नाव घालून देतो म्हणतोय.

---

मुद्देसूद | ११ जुलै २०२५

अजिबात पैसे देऊ नका! या प्रकारच्या क्लासमध्ये नाव नोंदवायचं नसतं, वर्णनात बसणारं प्रत्येक बाळ आपोआप त्यात असतं, जन्मल्या क्षणी. वकील एसीएलयू आणि इतर संस्थांचे आहेत, बाळांच्या घरच्यांकडून पैसे घेत नाहीत. त्या पोस्टचा स्क्रीनशॉट काढून फेसबुकला रिपोर्ट करा आणि तुमच्या गावच्या मंडळाच्या ग्रुपवरही टाका, आणखी कुणी फसायला नको.

---

मेधा_कॅरी | १२ जुलै २०२५

सुलेखा, आमच्या ग्रुपवरही तीच दोनशे डॉलरवाली पोस्ट आली होती, अॅडमिनने काढून टाकली. आणि जाऊबाईंना सांग, हॉस्पिटलातल्या फॉर्मवर सोशल सिक्युरिटीच्या चौकोनात खूण करायला विसरू नका, आणि काउंटीतून बर्थ सर्टिफिकेटच्या जास्तीच्या दोन कॉपी तेव्हाच काढून घ्या.